काटोल तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघरी फायबर आणायचंय, पैसे भरण्याआधी काय काय विचारावं?

बागायती काटोल

नमस्कार मंडळी. धागा थोडा लांब होईल, पण सगळं एकदाच मांडतो.

आमचं गाव काटोल-नरखेड पट्ट्यातलं, संत्र्याचं. घरं दोनशेच्या आतबाहेर. ग्रामपंचायत गट ग्रामपंचायत आहे, तिचं ऑफिस शेजारच्या गावात, तीन किलोमीटरवर. भारतनेटचा, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायच्या केंद्राच्या योजनेचा डबा त्या ऑफिसात भिंतीला लावलेला आहे, आमच्या गावापर्यंत सरकारी फायबर आलेलं नाही. मोबाईलचा टॉवर गावाच्या एका टोकाला पकडतो, दुसऱ्या टोकाला, म्हणजे वेशीबाहेरच्या वस्तीत, गच्चीवर गेल्याशिवाय बोलणं होत नाही.

आता गरज काय, तर गावातल्या तीन पोरी आणि दोन पोट्टे पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम घरून करू शकतात, पण नेटपायी नागपुरात खोली करून राहिले. मृग बहाराचा माल दाखवायला व्यापारी व्हिडिओ कॉल मागतो, तेव्हा बागेतून निघून रोडवर यावं लागते. शाळेत मोठा टीव्ही आला, तो मास्तरांच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालते. आशाताईंचं ऑनलाईन भरणं रात्री अकरानंतर होते, कारण तेव्हाच रेंज मोकळी असते.

गावापुढे तीन रस्ते आहेत. एक, तालुक्याचा केबलवाला फायबर आणायला तयार आहे, पण निदान चाळीस घरांनी आगाऊ पैसे भरावे म्हणतो. दोन, एका मोबाईल कंपनीचा माणूस छतावर लावायचा 5जी डबा घेऊन फिरतो. तीन, भारतनेटवरून घरगुती जोडणी, पण त्याची चौकशी कुठं करायची हेच गावात कोणाले ठाऊक नाही.

येत्या ग्रामसभेत विषय घेतला आहे. ज्यांच्या गावात फायबर येऊन वर्ष-दोन वर्षं झाली त्यांनी जरूर लिहा. स्पीडचे आकडे सगळेच सांगतात. मला पावसाळ्यातलं ऐकायचं आहे.

---

जोडारी

भाऊ, मी नागपूर ग्रामीण आणि कळमेश्वर भागात फायबर जोडायचं काम करतो. नोकरी कोणाची ते इथं सांगत नाही, पण रोज हातात हेच असते. शेवटचं वाक्य तुम्ही बरोबर लिहिलं, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी रचना समजून घ्या, म्हणजे केबलवाल्याला प्रश्न विचारता येतील. तालुक्याच्या ठिकाणी एक मोठं यंत्र असते, त्याला ओएलटी म्हणतात. त्याच्या एका पोर्टमधून एकच फायबर निघते. वाटेत स्प्लिटर लागतात आणि त्या एका फायबरची 32 किंवा 64 घरं होतात. घरात जो डबा लागतो तो ओएनटी. मधल्या रस्त्यावर वीज लागत नाही, स्प्लिटर नुसता काचेचा असतो. फायबरचा हाच मोठा फायदा. गावात लाईट गेली तरी मधली लाईन जिवंत राहते, फक्त दोन टोकांना बॅटरी पाहिजे.

एका पोर्टचा वेग, जीपॉन (अशा स्प्लिटरवाल्या जोडणीची नेहमीची पद्धत) असेल तर, खाली येताना सुमारे 2.5 गिगाबिट आणि वर जाताना 1.25 गिगाबिट. 32 घरांत भागला तर सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीनं वापरलं तरी घरामागे 75 एमबीपीएसच्या वर पडतो, आणि तसं सगळे एकाच क्षणी वापरत नाहीत. म्हणजे कोंडी सहसा इथं होत नाही. कोंडी होते त्याच्या मागं. केबलवाल्यानं नागपूरहून तालुक्याला किती बँडविड्थ घेतली आहे आणि ती किती गिऱ्हाइकांत वाटली आहे, हे विचारा. पाचशे घरांवर जर मागून एकच गिगाबिट असेल, तर रात्री आठ ते अकरा तुमचं 100 चं पॅकेज रडतं.

दुसरा प्रश्न, प्रकाशाची ताकद किती पोचते. हा आकडा डीबीएममध्ये असतो आणि उणे असतो. हिशेब सोपा आहे. ओएलटीमधून साधारण अधिक 3 निघालं असं धरा. फायबरमध्ये किलोमीटरमागे 0.35 पर्यंत घट. तालुक्यापासून तुमचं गाव 14 किलोमीटर असेल तर पाचेक गेले. 32 घरांचा स्प्लिटर सुमारे 17 खातो. जोड आणि कनेक्टर मिळून दोन धरा. म्हणजे घरात पोचले उणे 21 च्या आसपास. हे छान आहे. उणे 25 पर्यंत चालते. उणे 27 ला पोचलं की नेट येते-जाते, आणि मग कंपनीवाला म्हणते राऊटर बदला. राऊटर बदलून काही होत नाही, वाटेत कुठं तरी जोड खराब असतो किंवा वायर मुरगळलेली असते.

म्हणून जोडणीच्या दिवशी पॉवर मीटरवरचा आकडा कागदावर लिहून घ्या आणि मीटरचा फोटो काढा. सहा महिन्यांनी तक्रार करताना "तेव्हा उणे 20 होतं, आता उणे 26 आहे" असं सांगितलं की समोरच्याला बहाणा राहत नाही. प्रत्येक घरानं हे करावं. खर्च शून्य.

एक सावधगिरी पोराबाळांसाठी. तुटलेल्या फायबरच्या तोंडात डोळा लावून पाहू देऊ नका. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण असतो. आणि कापलेले काचेचे तुकडे कातडीत घुसले तर सापडत नाहीत.

---

गडमंदिर

रामटेकच्या पुढे, देवलापार रस्त्यावरचं गाव आमचं. पावसाळ्याचं विचारलं, मी माकडांचं सांगतो. खांबावरून ओढलेली केबल म्हणजे वांदरांचा झोपाळा. टोळी आली की दोन खांबांच्या मधली वायर लोंबते, आणि घरात लाल लाईट लागते. आमच्याकडं शेवटी घरापर्यंतची वायर जीआय तारेला बांधून घट्ट केली आणि झाडाजवळचे दोन खांब बदलले, तेव्हा कमी झालं. पूर्ण बंद नाही झालं. संत्र्याच्या बागा आहेत म्हणजे तुमच्याकडंही टोळ्या असतीलच. कोणत्या झाडावरून उतरतात ते गावाला माहीत असते, केबलवाल्याला नाही. खांब ठरवताना गावातला माणूस सोबत ठेवा.

---

कुहीची सरपंच

भारतनेटबद्दल मी लिहिते, कारण आमच्या ग्रामपंचायतीत हा विषय मी स्वतः लावून धरला.

थोडी मागची गोष्ट. केंद्रानं 2011 मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं, देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायच्या म्हणून. 2015 मध्ये त्याचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती 2017 च्या डिसेंबरात झाल्या. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रानं राज्यामार्फत काम घेतलं, तेच आपल्याकडं महानेट म्हणून ओळखतात. पैसा येतो तो सार्वत्रिक सेवा निधीतून, आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. टेलिकॉम कंपन्यांकडून वसूल झालेली रक्कम त्यात जमा होते आणि ती मुख्यतः खेड्यांसाठी आहे. म्हणून जोडणी मागताना आपण कोणाचे उपकार मागत नाही, हे मनात पक्कं असू द्या.

काटोलकर दादा, तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये सुधारित भारतनेट मंजूर झालं, 1 लाख 39 हजार 579 कोटींचं. त्यात तीन गोष्टी आपल्या गरजेच्या. पहिली, तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतची लाईन सरळ न नेता वर्तुळासारखी जोडायची, म्हणजे एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं नेट येतं. दुसरी, ग्रामपंचायत नसलेल्या गावांना मागणीनुसार फायबर न्यायचं. तुमचं गाव गट ग्रामपंचायतीतलं आहे, म्हणजे हे कलम तुमच्यासाठीच आहे. मागणी लेखी गेली नाही तर ती मागणी धरत नाहीत. तिसरी, गावपातळीवर उद्यमी नेमायचा. तो बीएसएनएलच्या भागीदारीत घरोघरी जोडण्या देतो, दुरुस्ती करतो आणि भाड्यात वाटा घेतो. पाच वर्षांत दीड कोटी घरगुती जोडण्यांचं उद्दिष्ट ठेवलं आहे.

आता जमिनीवरचं. आमचा डबा कितीतरी महिने बंद होता. मी कुलूप उघडून पाहिलं तेव्हा आत जाळ्या, रॅकवर बोटभर धूळ, बॅटऱ्या फुगलेल्या, आणि मीटरची जोडणी बिल थकल्यामुळे तोडलेली. फायबर मात्र शाबूत होतं! वीजबिल भरलं, बॅटऱ्या बदलून मागितल्या, ग्रामपंचायतीच्या शिपायाला रोज एकदा दिवे पाहायचं काम दिलं. पॉनचा, म्हणजे लाईन जोडलेली असल्याचा दिवा हिरवा आणि स्थिर असला पाहिजे, एलओएसचा, म्हणजे प्रकाश येत नसल्याचा लाल दिवा लागता कामा नये, इतकंच त्याला शिकवलं. तेव्हापासून बंद पडल्याचं त्याच दिवशी कळतं.

तुम्ही शेजारच्या गावी जाऊन आधी तो डबा चालू आहे का ते पाहा. चालू असला तर पुढचे तीन किलोमीटर हा फार मोठा प्रश्न नाही.

---

मौदा 5जी

सगळे फायबर फायबर करून राहिले, मी उलट लिहितो. माझ्या शेतात घर आहे, गावापासून दीड किलोमीटर. तिथं कोणताच केबलवाला येत नाही, आला तर खांबांचे पैसे मागतो. 5जीचा डबा छतावर लावला, टॉवर समोर दिसते, 80-100 सहज मिळते. एका दिवसात काम झालं. चाळीस घरं गोळा करा, ग्रामसभा घ्या, ठराव करा, कायले इतकी मगजमारी? टॉवर आहे ना गावात.

---

जोडारी

मौदाकर, तुमच्या शेतातल्या घराला तेच बरोबर आहे. एकटं घर, समोर टॉवर, मधे झाड नाही. तिथं मी पण फायबर ओढा म्हणणार नाही.

पण गावाचा हिशेब वेगळा. टॉवरची हवेतली जागा ठरलेली असते, ती सगळ्या मोबाईलवाल्यांत आणि डबेवाल्यांत मिळून वाटली जाते. पहिल्या पाच घरांना 100 मिळतात, चाळिसाव्या घरानंतर संध्याकाळी काय होते ते एकदा बघा. शिवाय काटोलकर भाऊंनी लिहिलंच आहे की अर्ध्या गावात टॉवर पकडत नाही. आणि बरेच टॉवर मागून रेडिओवर, म्हणजे बिनतारी जोडणीवर चालतात, टॉवरला फायबर नसते. तेव्हा गावात फायबर आलं तर मोबाईलवाल्यांचंही सुधारते.

वर पाठवायचा वेगही पाहा. व्हिडिओ कॉलवर माल दाखवायचा, कंपनीच्या फायली चढवायच्या, तर वरचा वेग लागते. 5जी डब्यात खालचा आणि वरचा यांत मोठा फरक पडतो. फायबरवर बरेच जण दोन्हीकडे सारखा देतात, पण देतात का ते विचारा. पॅकेजच्या कागदावर खाली किती, वर किती, किती जीबीनंतर वेग उतरतो आणि उतरून किती राहतो, हे चारही आकडे लिहून घ्या. कागदावर नुसतं ब्रॉडबँड लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही. 2023 पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडला कमीत कमी 2 एमबीपीएसच लागतात. भाड्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही आधीच धरा.

---

मौदा 5जी

हे टॉवरच्या मागचं माहीत नव्हतं. ठीक आहे, गावठाणात फायबर, शेतात डबा. पटलं.

---

घरून काम उमरेड

दादा, तुमच्या गावातल्या त्या तीन पोरींसाठी लिहिते. मी उमरेडजवळच्या गावातून एका कंपनीचं हिशेबाचं काम करते, फायबरवर. लग्नानंतर नोकरी सुटेल असं सगळे म्हणत होते, सुटली नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर 50 आणि 100 मधला फरक मला कधी जाणवला नाही. जाणवतं ते मीटिंगच्या मध्यात लाईट जाणं. उन्हाळ्यात वादळी पाऊस आला की गावची लाईट कधी येईल याचा भरवसा नाही. ओएनटीचा डबा 12 व्होल्टवर चालतो, त्याला बसेल असा छोटा डीसी यूपीएस मिळतो, पाकिटाएवढा. घरच्या मोठ्या इन्व्हर्टरवर अवलंबून राहू नका, तो फ्रिज-पंख्यातच संपतो. मी एक डब्याला लावला आहे, तीन-चार तास निघतात. पण माझ्याकडं बॅटरी असून काय उपयोग, जर तालुक्याच्या ओएलटीची बॅटरी अर्ध्या तासात बसत असेल? आमच्याकडं हेच होत होतं. आम्ही बारा-पंधरा घरांनी एकत्र लेखी तक्रार दिली, तेव्हा तिथं नवी बॅटरी बसली. एकट्यानं फोन केला असता तर झालं नसतं. तुमच्या केबलवाल्याला विचारा, लाईट गेल्यावर तुमचं यंत्र किती तास चालतं. आणि जमलं तर जाऊन डोळ्यांनी बॅटऱ्या पाहा.

तक्रार करताना दरवेळी तक्रार क्रमांक मागून घ्या. क्रमांक असेल तरच पुढे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तोंडी तक्रारीला किंमत नाही.

---

गुरुजी नरखेड

एक मुद्दा राहून गेला. घरातलं वायफाय. आमच्याकडं फायबर आल्यावर पहिल्या महिन्यात निम्म्या तक्रारी "नेट स्लो आहे" अशा होत्या, आणि त्यातल्या बहुतेक घरात नेट व्यवस्थित होतं. जुन्या घरांच्या भिंती मातीच्या, हात-दीड हात जाड, वर टिना. जोडणारा पोरगा दाराजवळच्या खोलीत, जिथं वायर आत येते तिथंच डबा ठोकून जातो. मागच्या खोलीत काय पोचणार?

डबा घराच्या मधोमध आणि उंचावर लावायला सांगा, आत चार मीटर वायर जास्त गेली तरी चालेल. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं पण भिंतीपुढं थकतं, 2.4 चं हळू असतं पण लांब जातं. दोन्हीची नावं वेगळी ठेवली तर कोणतं लागलंय ते घरच्यांना कळतं. खरा वेग पाहायचा असेल तर लॅपटॉपला लॅनची वायर लावून पाहा. आणि लॅनवर 94-95 च्या वर जातच नसेल तर बहुतेक डब्याचं पोर्टच 100 चं असते, त्यात कंपनीची लाईन दोषी नाही.

शाळेसाठी मात्र ग्रामपंचायतीच्या जोडणीतून वेगळी वायर मागा, मास्तरांच्या हॉटस्पॉटवर वर्ग चालवणं थांबलंच पाहिजे. चाळीस पोरांच्या समोर व्हिडिओ फिरत राहतो तेव्हा काय वाटतं ते आम्हालाच माहीत आहे.

---

गडमंदिर

जेसीबीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. आमच्याकडं माकडांपेक्षा जास्त वेळा जेसीबीनं तोडलं. पाण्याची पाइपलाइन, नाला खोलीकरण, रस्त्याची साइडपट्टी, प्रत्येक कामात एकदा.

---

जोडारी

बरोबर. जिल्ह्यात माझे सगळ्यात जास्त दिवस जेसीबीमागे जातात. त्यावर थोडं सविस्तर.

सरकारी फायबर जमिनीत 1.65 मीटर खोल टाकायचा दंडक आहे. तेवढं खोल असलं तर नाली खोदताना लागत नाही. पण मुरूम किंवा खडक लागला की ठेकेदार वर उचलतो, आणि तिथंच पुढे तुटते. काळ्या मातीचा त्रास वेगळा. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात माती फुगते, खांब कलतात, डक्टचे, म्हणजे ज्या पाइपातून फायबर जाते त्याचे जोड निसटतात आणि पाणी शिरते. तुमच्या पट्ट्यात काळी आणि मुरमाड दोन्ही आहे. म्हणून लाईन टाकताना गावानं उभं राहून खोली मोजली पाहिजे. बुजवल्यावर कोणी पाहत नाही.

खोदणाऱ्यांसाठी 2023 च्या मार्चपासून केंद्राचं "कॉल बिफोर यू डिग" ॲप आहे. खोदकाम करणाऱ्यानं त्यात जागा टाकली की जमिनीखालच्या लाईनच्या मालकाला कळते. शहरात थोडंफार वापरतात. गावात ठेकेदाराचा जेसीबीवाला ॲप उघडेल याच्या भरवशावर राहू नका. ग्रामपंचायतीनं साधा नियम करावा. गावच्या हद्दीत खोदकामाच्या दोन दिवस आधी कळवायचं, फायबरवाल्याचा माणूस समोर राहील, तोडलं तर जोडणीचा खर्च ठेकेदाराच्या बिलातून. एकदा कापून घेतले की पुढचा आपोआप फोन करते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी पहिल्या उत्तरात लिहायला पाहिजे होतं असं वाटू शकते, पण हे वाचल्यावरच त्याचं वजन कळेल म्हणून आता लिहितो. तुटल्यावर कोण येणार?

जोड कसा होतो ते सांगतो. तुटलेली जागा आधी ओटीडीआर नावाच्या यंत्रानं शोधतात, ते सांगते की इथून 6.2 किलोमीटरवर तुटलं आहे. मग तिथं जायचं, खड्डा करून दोन्ही टोकं काढायची, चिखल पुसायचा. वरचं प्लास्टिक सोललं की आत काच उरते, केसाएवढी. ती स्पिरिटनं पुसायची, क्लीव्हरनं सरळ कापायची, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीन ठिणगी मारते आणि काच वितळून एक होते. पडद्यावर जोडातली घट 0.02 आली की छान, 0.2 आली की तोडून परत करायचं. एका केबलमध्ये 24 असे धागे. पावसात डोक्यावर ताडपत्री धरायला एक माणूस लागते, कारण थेंब पडला की जोड गेला. हे काम दोन-तीन तासांचं आहे.

दोन-तीन तास हे कामाचे. पण गावात नेट चार दिवस बंद राहते, ते माणूस आणि मशीन नागपूरहून निघायला लागतात म्हणून. एका मशीनवर दोन तालुके चालवणारे लोक आहेत. तुमच्या केबलवाल्याकडं स्वतःचं स्प्लायसिंग मशीन, म्हणजे हे जोडायचं मशीन आहे का, आणि ते चालवणारा काटोलात राहतो का, हे विचारा. नसेल तर 300 एमबीपीएसचं पॅकेज घेऊन उपयोग नाही. असेल तर 30 वाल्यात पण गाव सुखी राहते.

माझं मत विचाराल तर गावातल्याच एका पोट्ट्याला किंवा पोरीला हे शिकवा. घरापर्यंतची ड्रॉप वायर जोडणं, कनेक्टर मारणं, पॉवर मीटर वाचणं, हे थोड्या दिवसांत हाताला बसते. निम्मे बिघाड याच पातळीवरचे असतात. उद्यमी योजनेचा खरा उपयोग मला तिथंच दिसते.

---

सावनेर ते लँकेस्टर

मी मूळची सावनेरची, सध्या इंग्लंडच्या उत्तरेला. इथलं एक उदाहरण द्यावंसं वाटतं. लँकेशरच्या खेड्यांत मोठ्या कंपन्या यायला तयार नव्हत्या, कारण घरं विखुरलेली. 2011 मध्ये लोकांनी स्वतःची संस्था काढली, बी4आरएन नावाची. गावकऱ्यांनी भागभांडवल घातलं, शेतकऱ्यांनी आपापल्या शेतातून फायबर न्यायला फुकट परवानगी दिली, आणि खणायचं काम बऱ्याच ठिकाणी लोकांनीच केलं. रस्त्याऐवजी शेतातून नेल्यामुळे रस्ता फोडण्याचा खर्च वाचला. आज ती संस्था घरांना खाली आणि वर दोन्हीकडे एक गिगाबिट देते.

आपल्याकडं सगळं तसंच होणार नाही हे मान्य. पण संत्र्याच्या सहकारी सोसायट्या, दूध संघ आपण चालवलेलेच आहेत. बांधावरून लाईन जाऊ देणं हे काम तर कोणत्याही कंपनीपेक्षा गावालाच सोपं जातं.

---

कुहीची सरपंच

ताई, बांधावरून जाऊ देणं सोपं नाही हो, बांधाचे दावे तहसीलमध्ये वर्षानुवर्षं चालतात. पण पांदण रस्ता सगळ्यांचा असतो. आम्ही पांदणीच्या कडेनं नेली, कोणाचा आक्षेप आला नाही. ग्रामपंचायतीच्या जागेवरून लाईन न्यायला परवानगी ग्रामपंचायत देते, तेव्हा परवानगीच्या पत्रातच अटी घाला. शाळा, अंगणवाडी आणि उपकेंद्राला जोडणी मोफत. तुटल्यावर किती वेळात दुरुस्ती ते लिहून. खोदलेलं बुजवून देणं. एकदा परवानगी दिल्यावर आपल्या हातात काही राहत नाही.

आणि आपल्याच जिल्ह्यात अमरावती रोडवर सातनवरी आहे, 2025 मध्ये तिथं स्मार्ट इंटेलिजंट गावाचा प्रकल्प सुरू झाला. शेती, शाळा, आरोग्य, सगळं नेटवर जोडलं आहे. तुमच्या गावातली चार माणसं घेऊन एकदा जाऊन या, तिथल्या लोकांशी बोला. ग्रामसभेत बघून आलेला माणूस बोलला की ऐकणाऱ्यांना विश्वास वाटतो.

---

बागायती काटोल

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रामसभा झाली, म्हणून लिहितो.

शेजारच्या गावी जाऊन भारतनेटचा डबा पाहिला. पॉनचा दिवा हिरवा, चालू आहे, पण त्यावर ग्रामपंचायतीचा एक संगणक सोडून काहीच जोडलेलं नाही. तीन किलोमीटरवर अख्खं गाव नेटसाठी गच्चीवर चढते आणि इथं फायबर रिकामं पडून आहे, हे पाहून वाईट वाटलं.

ठराव असा झाला. सुधारित भारतनेटमध्ये मागणीनुसार जोडणीसाठी आमच्या गावाच्या नावानं अर्ज, ग्रामपंचायतीच्या सही-शिक्क्यानं, सोबत घरगुती जोडणी घ्यायला तयार असलेल्या 63 कुटुंबांच्या सह्या. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे, एक बीएसएनएलच्या नागपूर कार्यालयात. पांदण रस्त्यानं लाईन न्यायला ग्रामपंचायतीची ना हरकत त्याच ठरावात दिली.

केबलवाल्यालाही बोलावलं होतं. त्याला जोडारी भाऊंचे प्रश्न विचारले. मशीन आहे, चालवणारा काटोलचाच आहे, हे त्यानं फोटोसकट दाखवलं. मागून किती बँडविड्थ घेतो ते सांगायला आधी तयार नव्हता, मग सांगितलं. ओएलटीची बॅटरी दोन तास चालते म्हणाला, ती चार तासांची करायला कबूल झाला. आगाऊ पैसे मात्र आम्ही देणार नाही असं सगळ्यांनी सांगितलं. लाईन वेशीपर्यंत आली, एका घरात उणे 25 च्या आतला आकडा दाखवला, की घरटी पैसे. त्यानं आठवड्याची मुदत मागितली आहे.

दोन्ही आले तर दोन्ही असू देत, असं गावाचं मत पडलं. एक तुटलं तर दुसरं राहील.

गावातली बारावी झालेली एक मुलगी जोडणीचं काम शिकायला तयार आहे. तिचे वडीलही हो म्हणाले. जोडारी भाऊ, तिला कुठं पाठवावं, आयटीआयमध्ये की कोणाच्या हाताखाली?

---

जोडारी

आधी हाताखाली, नंतर कागद. कळमेश्वर बाजूला पुढच्या आठवड्यात आमचं दोन दिवस काम आहे, उघड्यावर, जोड करायचे आहेत. सोबत तिच्या घरचं कोणी येत असेल तर दोन्ही दिवस येऊ द्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट आणि डोळ्याला साधा चष्मा असू द्या. क्लीव्हर मी देतो, पहिल्या दिवशी फक्त सोलणं आणि कापणं, मशीनला दुसऱ्या दिवशी हात. वेळ आणि जागा निरोपात कळवतो.